पाच सेकंदांत विझणारा हीटर

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही शेळ्या सांभाळून. पण मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं वाटतं. लिहिताना कोणी तोंडाकडं बघत नाही.

तर, हीटर पेटत होता आणि विझत होता.

पंखा सुरू व्हायचा. आत टिकटिक व्हायची. भक्कन निळी ज्वाला लागायची. मी मनात एक, दोन, तीन, चार, पाच म्हणेपर्यंत सगळं गप्प, आणि लाल दिवा. दुपारचा एक वाजला होता. दोन हजार पिल्लांची गाडी सकाळीच निघाली होती आणि चारपर्यंत आमच्या शेडवर येणार होती. एका दिवसाची पिल्लं. शेडमध्ये थंडी.

आमची कोंबड्यांची शेड डोंगरकडा गावाच्या अलीकडं, रस्त्यापासून दोन शेतं आत आहे. पिल्लं, खाद्य, औषध कंपनी देते. आम्ही वाढवतो. दीड महिन्यानं कंपनी वजन करून पक्षी नेते आणि वजनावर पैसे देते. मालक, म्हणजे माझे यजमान, जीपवर ड्रायव्हर आहेत, कळमनुरी लाइनला. ते दिवसभर नसतात. शेड मी बघते आणि मला सासू बघते. सासूला मी आत्याबाई म्हणते.

पिल्लाला पहिले आठ-दहा दिवस कोंबडीची ऊब लागते. कंपनीचं पिल्लू यंत्रातून निघतं, त्याला आई नसते. मग आईचं काम आपण करायचं. त्याला ब्रूडिंग म्हणतात. शेडचा एक कोपरा ताडपत्रीच्या पडद्यांनी बंद करायचा आणि तिथं तेहतीस डिग्री ठेवायची. आमच्याकडं जानेवारीत सकाळी तोंडातून वाफ निघते, म्हणजे बघा.

आधी आम्ही कोळशाच्या बुखारीवर भागवायचो. बुखारी एका बाजूला भाजते आणि दुसऱ्या बाजूला विसरते. पिल्लं उबेला एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. आदल्या हिवाळ्यात एका सकाळी मी दोन टोपल्या मेलेली पिल्लं उचलली. कंपनीनं सांगितलं, हिवाळ्यात गॅसचा हीटर असेल तरच पिल्लं मिळतील. हीटर घेतला. चाळीस हजार आमच्या बचत गटानं दिले. गटात आम्ही दहा जणी. त्या पैशात कोणाची शिलाई होती, कोणाचं दूध, कोणाची निंदणीची मजुरी. गटाच्या बैठकीत माझं काम चटई अंथरायचं आणि सही करायची. बोलायचं काम बाकीच्या नऊ जणी करतात. तरी माझ्या एका सहीवर त्यांनी चाळीस हजार दिले. गाडी परत गेली असती तर कंपनीनं आमची शेड यादीतून काढली असती, आणि नऊ जणींचे पैसे छताला टांगून राहिले असते. अक्षरशः टांगून, कारण हीटर साखळीनं छतालाच लटकवला होता.

तो लटकवायला नांदेडहून बशीरभाई आले होते. पन्नाशीचे, दाढी पांढरी, आवाज बारीक. सकाळी सातलाच मोटारसायकलवर हजर. आल्याबरोबर त्यांनी हीटरकडं बघितलंच नाही, आधी आमची नाली बघितली. आम्ही दोन्ही सिलिंडर शेडच्या मागं नालीच्या कडेला ठेवले होते. व्यवसायाचे निळे सिलिंडर. घरचा लाल यात चालत नाही.

"भाभी, ये कोन रखा?"

मीच ठेवले होते.

"ये गॅस हवेपेक्षा जड ऱ्हाता. गळला तर उडून जात न्हाई. पाण्यासारखा खाली बसतो, नाली मिळाली की नालीत उतरतो. मग कुठं तरी लांब कुणी बिडी पेटवली की इथं आवाज."

आत्याबाई म्हणाल्या, "आता माझ्या लेकाची बिडी बी सुटंल वाटतं."

सिलिंडर नालीपासून दहा पावलं लांब, मोकळ्या हवेत, पत्र्याच्या सावलीत नेले. हीटर साखळीनं टांगला. खाली जमिनीपासून किती, पडद्यापासून किती, सगळं टेपनं मोजलं. शेडात खाली तूस अंथरतात, म्हणजे भाताचं टरफल. त्याला ठिणगी पुरते. पडद्याच्या वर हातभर फट ठेवायला सांगितली. आत्याबाई म्हणाल्या, गरम हवा पळून जाईल. बशीरभाई म्हणाले, "अम्मा, हीटर बी श्वास घेतो. नाक दाबलं तर तो बी मरंल, पिल्लं बी." आत्याबाईंनी हे मात्र लगेच मानलं. नाकाचं त्यांना पटतं, त्यांना दमा आहे.

मग वायरिंग. लाइनच्या दोन वायरी बोर्डात, आणि एक हिरवी वायर शेडच्या भिंतीवरून बाहेर. बाहेर गोठ्याच्या बाजूला त्यांनी चार हात लांब लोखंडी सळई जमिनीत ठोकली, वरती हातभर ठेवली, तिला हिरवी वायर बांधली आणि बुडाशी मीठ घालून बादलीभर पाणी ओतलं. याला अर्थिंग म्हणतात. यंत्रात करंट उतरला तर तो माणसात न जाता जमिनीत जावा म्हणून.

मग त्यांनी साबणाचा फेस मागितला. कपडे धुवायचा साबण पाण्यात खळखळवून दिला. गॅसचा कॉक उघडून प्रत्येक जोडावर ते फेस लावत गेले. गळती असली की फुगा येतो. एका जोडावर लहानसा फुगा आला, फुगला, फुटला. बशीरभाईंनी कॉक बंद केला, पाना फिरवला, पुन्हा फेस लावला. आता फुगा नाही.

तेवढ्यात आत्याबाई ताट घेऊन आल्या. ताटात नारळ, कुंकू, अगरबत्ती आणि काडीपेटी.

बशीरभाईंचा बारीक आवाज एकदम जाड झाला. "अम्मा! काडी नको! काडी नको!"

"अवो, काडी न्हाई लावली तर त्ये पेटंल कसं?"

"उसको उसकी काडी है. तुमची बाहेर."

"देवाला धूर न्हाई दाखवला तर यंत्र चालतंय व्हय?"

"देव बाहेर बी आहे, अम्मा."

अगरबत्ती लांब लिंबाखाली लागली. नारळ तिथंच फुटला. खोबरं बशीरभाईंनीही खाल्लं आणि दोन तुकडे खिशात टाकले.

मग मला शिकवलं. आधी हवा, मग ठिणगी, मग गॅस. बटन चालू केलं की अर्धा मिनिट नुसता पंखा फिरतो. आधीचा सांडलेला गॅस आत असला तर तो बाहेर हाकलतो. पाहुणा यायच्या आधी आपण घर झाडतो, तसं. मग टिकटिक, म्हणजे ठिणगी. मग गॅस सुटतो आणि ज्वाला लागते. ज्वाला निळी पाहिजे. पिवळी असली तर हवा कमी. ज्वालेत तोंड घालून एक बारीक काडी बसलेली असते. बशीरभाई तिला चौकीदार म्हणाले. ज्वाला आहे का नाही हे चौकीदार बघतो. नाही दिसली तर पाच सेकंदांत गॅस बंद करतो आणि लाल दिवा लावतो.

"लाल दिवा लागला तर हे रिसेट. एकदा दाबायचं. पाच मिनट थांबायचं. दुसऱ्यांदा दाबायचं. तिसऱ्यांदा?"

मी खाली बघून म्हणाले, "तिसऱ्यांदा दाबायचं न्हाई. फोन करायचा."

"जमिनीला नका सांगू, भाभी. मला सांगा."

मी त्यांच्या बुटांना सांगितलं. तेवढं त्यांनी चालवून घेतलं.

दोनदा मी स्वतः हीटर लावला. दोन्ही वेळा छान चालला. बशीरभाईंनी कागदावर सही घेतली. माझी सही सावकाश होते, ते थांबले. अकरा वाजता ते जवळा बाजारच्या कामाला निघून गेले. जाताना म्हणाले, तूस पसरताना हीटर बंद ठेवा, धूळ ओढतो.

म्हणून मी हीटर बंद केला, गॅस बंद केला आणि तूस पसरलं. त्यावर कागद अंथरले, पाण्याची भांडी मांडली, खाद्याच्या थाळ्या मांडल्या. धूळ बसू दिली. एक वाजता हीटर लावला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पेटला, पाच सेकंद, लाल दिवा.

पाच मिनिटं थांबले. दुसऱ्यांदा दाबलं. पेटला, पाच सेकंद, लाल दिवा.

तिसऱ्यांदा दाबलं नाही. सिलिंडरचा कॉक बंद केला, पडदे वर केले आणि फोन हातात घेतला. आता माझी अडचण अशी की मला फोनवर बोलता येत नाही. आलेला फोन घेते, पण आपण होऊन करायचा म्हटलं की घशात तूस अडकतं. मी नेहमी मिसकॉल देते. समोरच्यानं केला की मग तो बोलतो, मी व्हय-न्हाई करते. बशीरभाईंनाही मिसकॉल दिला. दोनदा दिला. मोटारसायकलवर असणार, त्यांना कळलं नसावं.

तेवढ्यात कंपनीचे सुपरवायझर आले. गिरीसाहेब. मनानं वाईट नाहीत, पण घाईनं वाईट आहेत. त्यांच्याकडं तीस शेड आहेत आणि मोटारसायकल एक. गाडीच्या आधी येऊन शेड गरम झाली का बघायचं, हे त्यांचं काम. आत आले, पिल्लाच्या उंचीला टांगलेला थर्मामीटर बघितला.

"ताई, चोवीस? गाडी वारंगा फाट्याच्या जवळ येऊन राहिली!"

"पेटतोय आन् विझतोय," मी म्हणाले.

"मंग परत पेटवा की." बाहेर जाऊन त्यांनीच कॉक उघडला. येऊन बटन दाबलं. पेटला, विझला. लगेच परत दाबलं. पेटला, विझला. परत दाबलं. दर वेळी पाच सेकंद गॅस येतो, आणि पाच मिनिटं थांबायचं तर साहेब पाच सेकंदही थांबेनात. मला म्हणायचं होतं, "थांबा." तोंडातून आलं, "च्या ठेवू का?"

"च्या नंतर ठेवा वो, ताई!"

मी खाली बसले आणि जमिनीजवळ नाक नेलं. आत्याबाई म्हणतात मी शेळीसारखी हुंगते. हुंगलं तर तुसाजवळ गॅसचा वास. थोडाच, पण होता. गॅसला मुळात वास नसतो म्हणे, आपल्याला कळावं म्हणून घालतात. मी उठून बाहेर गेले, कॉक बंद केला आणि सगळे पडदे छतापर्यंत वर बांधले.

तोवर गिरीसाहेब बाहेर जाऊन कोणाला तरी फोन करून आले होते. सेनगावकडच्या एका शेडवाल्याला. खुशीत होते.

"जमलं! त्यो म्हणतो, सेन्सरची वायर काढून डायरेक जोडून टाका. त्यानं तसंच केलंय, वर्ष झालं. पक्कड हाय का?"

पक्कड आत्याबाईंनी तत्परतेनं आणली. साहेब मागतील ते आणून द्यायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्या पक्कड द्यायला हात पुढं करणार, तेवढ्यात मी मधूनच ती घेतली आणि पदराखाली धरली.

"ताई, पक्कड द्या."

"न्हाई."

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण या शेडात एवढ्या मोठ्यानं मी काही बोलल्याचं आत्याबाईंना आठवत नाही. मलाही नाही.

"काहून?"

"सेन्सर म्हंजी चौकीदार हाय. त्याचे डोळे बांधून हीटर लावला तर ज्वाला विझली तरी गॅस येतच ऱ्हाईल. खाली तूस हाय. वर ताडपत्री हाय. मधात दोन हजार लेकरं."

"अवो, त्या सेनगाववाल्याचं वर्षभर चाललंय!"

"त्येचं नशीब बराबर हाय. माझ्या नशिबाची मला ग्यारंटी न्हाई."

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "मंग गाडी परत पाठवू? तुमीच सांगा. गेली तर मला वर लिहावं लागंल, हीटर चालू न्हाई म्हणून. तुमची शेड कटली मंग."

ते खरं होतं, आणि धमकी देऊन बोलत नव्हते. म्हणून जास्त भीती वाटली. मला नऊ जणी दिसल्या, चटईवर ओळीनं बसलेल्या.

"बशीरभाईचा फोन येईपर्यंत थांबा," मी म्हणाले. "आन् आत बटन दाबू नका."

"येईल कवा?"

ते मलाही माहीत नव्हतं. मग मी जे पंचवीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. लिंबाखाली जाऊन बशीरभाईंना पूर्ण फोन लावला. वाजू दिला. कट झाला, परत लावला, वाजू दिला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. मागून ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता.

"बोलो भाभी."

मी सगळं एका दमात सांगितलं. बाकी मी कुठंही चुकीन, पण आकडे सांगायला घाबरत नाही. दोनदा मी दाबलं, तीनदा साहेबांनी. प्रत्येक वेळी ज्वाला लागली, निळी, आणि बराबर पाच मोजले की विझली.

"ज्वाला लागते? पक्का?"

"व्हय."

"म्हंजी गॅस ठीक. हवा ठीक. ठिणगी ठीक. ज्वाला हाय, पण चौकीदारला दिसत न्हाई." मग ते म्हणाले, "भाभी, चौकीदार डोळ्यानं न्हाई बघत. ज्वालेतून अगदी बारीक करंट जमिनीत जातो. तो गेला की त्याला कळतं ज्वाला हाय. जमिनीची वाट तुटली की तो आंधळा. हिरवी वायर बघा. कुठून कुठं जाते, हातभर बी सोडू नका. पहिले मेन स्विच पाडा, मग हात लावा."

मी मेन स्विच पाडला. फोन कानाला धरून हिरव्या वायरीच्या मागं निघाले. बोर्डातून निघते, ठीक. भिंतीवरून जाते, ठीक. खिळ्यावरून वळते, ठीक. खिडकीतून बाहेर, ठीक. गोठ्याच्या कोपऱ्यावर वळले आणि थांबले.

बकरी होती.

आमची पांढरी बकरी अर्थिंगच्या सळईला बांधलेली होती. दोरी सळईभोवती गोल गोल फिरवून तिनं अगदी आखूड करून घेतली होती. सळई बशीरभाईंनी सरळ ठोकली होती, ती आता रात्री उशिरा परतलेल्या माणसासारखी कलली होती. वायरीचं टोक सळईपासून उपटून लांब पडलं होतं आणि बकरी ते हुंगत होती. मी गेल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं, हे तुमचंच का, असं.

"काय दिसतं, भाभी?" फोनमधून आवाज.

"बकरी."

"क्या?"

"बकरी बांधली अर्थिंगला."

मग बशीरभाई हसायला लागले. गाडी बाजूला घेऊन हसत होते, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

आत्याबाई मागून आल्या होत्या. साहेबही आले. तिघं बकरीकडं बघत उभे राहिलो.

"आत्याबाई, ही तुमी बांधली?"

"मंग? तूस पसरून राहिली व्हतीस तू, ही आत शिरून राहिली व्हती. म्हणलं बांधावी. इतकी भारी लोखंडी खुंटी, नवीकोरी, रिकामी ठोकून ठेवलेली. मला वाटलं त्या भाईनं आपल्याला फुकटात करून दिली. भला माणूस हाय."

"वायर व्हती की तिला!"

"मला वाटलं दावं हाय. हिरवं."

खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. आमच्या घरात चार पिढ्या शेळ्या आहेत. जमिनीत ठोकलेली सळई दिसली की आमच्या हाताला दावं आठवतं. बशीरभाईंनी मला सगळं शिकवलं होतं, चौकीदार, रिसेट, फेस. खुंटीला बकरी बांधू नका, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि शहरातल्या माणसाला ते सुचणार कसं?

बशीरभाईंनी फोनवरून सांगितलं तसं केलं. मेन स्विच पडलेलाच होता. बकरी सोडून लांब लाकडी खुंटीला बांधली. गिरीसाहेबांनी सळई सरळ धरली आणि मी हातोड्यानं ठोकली. मला हातोडा चांगला चालवता येतो, पण साहेबांना ते माहीत नव्हतं. प्रत्येक घावाला ते डोळे मिटायचे.

"ताई, हात हाय माझा."

"दिसतोय."

वायरीचं टोक सुरीनं सोलून घासलं, सळईच्या पट्ट्याखाली घट्ट आवळलं. पक्कड आता उपयोगाला आली. बुडाशी मीठ आणि दोन बादल्या पाणी. तेवढ्यात मागून चरचर आवाज आला. लाकडी खुंटीपासून साहेबांची मोटारसायकल फार लांब नव्हती. हँडलला त्यांची बॅग होती आणि बॅगेतून चलनाचा, म्हणजे पिल्लांच्या नोंदीचा, कागद बाहेर आलेला होता. त्याचा अर्धा कोपरा बकरीनं खाल्ला होता.

"कंपनीचा कागद हाय त्यो!" साहेब ओरडले.

"खाऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या, "तिला बी कंपनीचं खाद्य लागू द्या."

शेडात परत गेलो. पडदे अजून वरच होते. मी पुन्हा खाली बसून चारही कोपऱ्यांत हुंगलं. वास नव्हता. तरी मेन स्विच लावून हीटरचा नुसता पंखा दहा मिनिटं चालवला, त्याला वेगळं बटन आहे. साहेब घड्याळ बघत होते. मग पडदे खाली केले, वर हातभर फट ठेवून. सिलिंडरचा कॉक उघडला. जोडांवर फेस लावून बघितला, फुगा नाही. मग हीटर लावला.

पंखा. टिकटिक. निळी ज्वाला.

एक, दोन, तीन, चार, पाच. सहा. सात. मागून आत्याबाई मोठ्यानं मोजायला लागल्या. वीसपर्यंत गेल्या, मग परत एकपासून. त्यांना वीसच्या पुढं विसाविसानंच मोजता येतं, म्हणून. तीन वेळा वीस झाले तेव्हा मी उठले आणि चहा ठेवायला गेले. घरात, चुलीवर, शेडपासून लांब.

गाडी चारऐवजी सव्वाचारला आली. ड्रायव्हर बाहेर चहा पीत बसला, कारण थर्मामीटर एकोणतीसवर होता आणि मी त्याला तेहतीस होईपर्यंत खोकी उघडू दिली नाहीत. हे वाक्य मी पुन्हा वाचलं. मी त्याला उघडू दिली नाहीत. खरंच तसं झालं.

वीस खोकी, एकेकात शंभर पिल्लं. पाऊण तासानं खोकी उघडली. पिल्लांना हीटरची ऊब बराबर आहे का हे थर्मामीटरपेक्षा पिल्लंच चांगलं सांगतात. हीटरखाली गोळा झाली तर थंडी आहे. कडेला पळाली तर फार गरम. सगळीकडं सारखी पसरली तर ठीक. आमची सगळी कागदावर पसरली, जोंधळे सांडल्यासारखी, आणि पाच मिनिटांत अर्धी पाण्यावर आली. आवाज असा की आत्याबाई मला काय म्हणत होत्या ते ऐकू येईना. बरंच झालं.

गिरीसाहेबांनी रिपोर्ट लिहिला. चलनाच्या उरलेल्या भागावर लिहिला. लिहून माझ्यापुढं सहीला धरला. मी कुठलाही कागद वाचून सही करते, मला वेळ लागला तरी. त्यात लिहिलं होतं, "अर्थिंगचा तांत्रिक बिघाड सुपरवायझरच्या देखरेखीखाली दूर केला."

"साहेब," मी म्हणाले, "बकरीचं नाव ऱ्हाऊन गेलं."

भिंत बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हसले. "बकरीचं लिहिलं तर हेड ऑफिसवाले मला विचारतील, ताई."

"मंग त्या सेनगाववाल्याचं तरी लिवा. डायरेक जोडलंय त्यानं."

ते हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः सेनगावकडं गेले आणि ती जोडणी काढायला लावली, असं पुढं कळलं. त्या शेडवाल्यानं मला शिव्या दिल्या म्हणे. देऊ दे. शिव्या द्यायला तो शाबूत आहे.

बशीरभाई दुसऱ्या दिवशी येऊन अर्थिंग मीटर लावून तपासून गेले. माझा जोड काढून त्यांनी पक्की क्लिप लावली. सळईभोवती बाभळीच्या काट्याचं कुंपण केलं. व्हिजिटचे पैसे घेतले. मी विचारलं, नवीन हीटर आहे, वॉरंटीत नाही का?

"हीटर वॉरंटीत हाय, भाभी. बकरी न्हाई."

त्या बॅचला पहिल्या आठवड्यात एकवीस पिल्लं गेली. दोन हजारांत एकवीस म्हणजे काहीच नाही. टोपली मागवावी लागली नाही, घमेलं पुरलं. शिकले ते एवढंच. यंत्र बंद पडलं की सगळे यंत्राकडं बघतात. वायर जिथं संपते तिथपर्यंत चालत जावं. आणि यंत्र सारखं नाही म्हणत असेल तर त्याच्या तोंडावर हात ठेवण्याआधी ते कशाला नाही म्हणतंय ते विचारावं.

गटाचे पैसे चार बॅचमध्ये फेडायचं ठरलं होतं. पाच लागल्या, कारण उन्हाळ्यातल्या बॅचला वजन भरलं नाही. गेल्या सोमवारी बैठकीत मी शेवटचा हप्ता घेऊन गेले. अध्यक्षबाईंनी नोटा मोजल्या, शेजारणीकडं मोजायला दिल्या आणि परत स्वतः मोजल्या. आमच्या गटात तशीच रीत आहे, कोणी मनाला लावून घेत नाही. मग वहीत माझ्या नावापुढं त्यांनी लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि सहीला जागा दाखवली. मी सावकाश सही केली. सगळ्या थांबल्या. चाळीस हजार आणि वरचं व्याज, पैसा न् पैसा फिटला.